मुक्काम एक, पोस्ट दुसरं

खंदारे सरांचा चष्मा हरवला नाही असा दिवस आमच्या कॉलेजात उगवल्याचं मला आठवत नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाने तो कधी ना कधी शोधून दिलेला होता. शोधण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी नाक चाचपायचं, मग कपाळ, मग सदऱ्याचा खिसा. तिथे नसला तर टेबल, कपाट, खिडकी. आणि तिथेही नसला तर घरी शिपाई पाठवून वहिनींना विचारायचं. "आधी अंगावर, मग घरात, मग बायकोला," असं ते वर्गातसुद्धा सांगत, आणि सर गणिताचे असल्यामुळे पोरं ते नियम म्हणून वहीत उतरवून घेत.

हरवण्याच्या भीतीने त्यांनी तीन चष्मे करून ठेवले होते. एक घरी, एक कॉलेजात आणि एक स्कूटरच्या डिकीत. त्याचा परिणाम इतकाच झाला की पूर्वी एक चष्मा हरवायचा, आता तीन हरवू लागले. "जाधव, ज्याला विसरायची सवय हाय त्यानं प्रत्येक चीज जास्तीची ठेवावी," ते मला म्हणाले होते. "आणि मग ती कुठं कुठं ठेवली ते विसरावं," मी म्हणालो. ते इतके हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला, आणि तेवढ्यापुरता शोध थांबला.

मी परभणीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा माझ्याजवळ पुण्यात केलेल्या सहा महिन्यांच्या कम्प्युटर कोर्सचं प्रमाणपत्र होतं. मी राणीसावरगावचा, घरची जमीन बरी, वडिलांना गावात मान. त्यावर हे प्रमाणपत्र. त्यामुळे माझी चाल कशी झाली असेल ते तुम्हीच ओळखा. कम्प्युटरचा शोध आपण लावला नसला तरी लावणाऱ्याने आपल्याला एकदा विचारायला हवं होतं, असा माझा चेहरा असे. कॉलेजने कम्प्युटर घेतला आणि दाखले छापायचा प्रोग्राम लिहायचं काम आम्हा दोघांवर आलं. मी प्रमाणपत्रामुळे, आणि सर मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक एकट्यानेच वाचून बसले होते म्हणून.

कम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर. प्राचार्यसुद्धा मोज्यांत यायचे. आत मी आणि सर घामाघूम होऊन भांडायचो, कारण पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की आम्ही वितळायचो.

आमचं पहिलं मोठं भांडण एका छोट्या फाइलवरून झालं. दाखल्यावर काय छापायचं ते प्रोग्रामच्या पोटात लिहून टाकायचं नाही, हे आम्हा दोघांना मान्य होतं. कॉलेजचं नाव, विद्यापीठाचं नाव, प्राचार्यांचं नाव, प्रिंटर कोणता, हे सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं. प्रोग्राम सुरू झाला की आधी ती फाइल वाचणार आणि मग छापणार. प्राचार्य बदलले तर त्या फाइलमधली एक ओळ बदलली की झालं. "पाटी बदलायला घर पाडायचं काय?" सर म्हणाले. इथवर एकमत होतं. कम्प्युटरच्या पोटात प्रत्येक कामाचा वेगळा कप्पा होता आणि ते सगळे एका मोठ्या कप्प्यात; आता ही फाइल प्रोग्रामने शोधायची कुठे?

मी पुण्यात शिकलेलं वाक्य फेकलं. "सर, जागा एकच असावी, ठरलेली. कुठूनही प्रोग्राम चालवा, तो तिथंच जाऊन बघेल."

"आणि ज्युनिअर कॉलेजच्या दाखल्यावर विद्यापीठ छापायचं? त्यांचं तर बोर्ड हाय. त्यांना त्यांची फाइल नको?"

"मग त्यांच्यासाठी वेगळा प्रोग्राम करू."

"म्हंजे सासूला वेगळी चूल, सुनेला वेगळी चूल. ऱ्हाऊ द्या. मी सांगतो ते ऐका. माणूस ज्या कप्प्यात बसून काम करायलाय, तिथं आधी बघायचं. तिथं न्हाई भेटली तर मोठ्या कप्प्यात जायचं. मुक्कामावर बघा, मग पोस्टात."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या गावाची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव म्हणजे ताडकळसच्या पलीकडची एक वाडी. वाडीला पोस्ट नव्हतं, त्यामुळे पत्ता लिहायचा तो 'मुक्काम खडकवाडी, पोस्ट ताडकळस'. माणूस राहतो एकीकडे आणि त्याची पत्रं उतरतात दुसरीकडे. सर एम.एस्सी. झाले आणि नोकरीचा कॉल यायचा होता तेव्हा ते रोज सायकल मारत ताडकळसला जायचे आणि पोस्टमास्तरला बेजार करायचे. पोस्टमास्तर एकच सांगायचा, "तुमच्या नावाचं काही न्हाई." पत्र तर येऊन गेलेलं होतं. बाजाराच्या दिवशी वाडीतलं कोणी दिसलं की पोस्टमन वाडीची पत्रं त्याच्या हाती द्यायचा, तसं ते बिरूतात्या नावाच्या मेंढपाळाकडे गेलं होतं. बिरूतात्याने ते पटक्यात खोचलं आणि विसरला. त्याची मेंढरं त्या आठवड्यात सरांच्याच घरामागच्या रानात बसायला होती.

"मी तिकडं पोस्टाच्या पायऱ्या झिजवायलोय आणि माझी नोकरी माझ्या घरामागं मेंढरं चारायलीय!" सर मांडीवर थाप मारत म्हणाले. "तवाच ठरवलं. आधी पायाखाली बघायचं."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बिरूतात्याने डोकं खाजवायला पटका सोडला म्हणून सर प्राध्यापक झाले. या दाखल्यापुढे माझं पुण्याचं वाक्य कसं टिकणार? मी हरलो. पण हरलो हे कबूल न करता, "ठीक आहे, तुमच्या समाधानासाठी तसं करू," असं मी म्हणालो. मी तेव्हा तसाच बोलायचो.

तिसरी पायरी सरांनी मला न विचारताच घातली. मुक्कामावरही फाइल नाही आणि पोस्टातही नाही, तर प्रोग्रामने काय करायचं? आमच्या कोर्समध्ये अशा वेळी चूक दाखवून थांबायला शिकवलं होतं. सरांनी पडद्यावर संदेश टाकला, 'फाइल सापडत नाही. घरात विचारा.' मी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. एका शनिवारी आमचे हेडक्लार्क पाठक दाखला काढायला बसले आणि नेमका तो संदेश आला. पाठकबाबा आज्ञाधारक माणूस. त्यांनी शिपायाला सरांच्या घरी पाठवलं. वहिनी भाजी निवडत होत्या. शिपायाने विचारलं, "कम्प्युटरची फाइल सापडंना, घरात विचारा म्हणायलंय." वहिनींनी मान वर न करता सांगितलं, "चष्म्याच्या डबीत बघा, काल त्यात काहीतरी चौकोनी कोंबत होते." फ्लॉपी खरोखर तिथे होती. फाइल तिच्यात हलवून सर घरी सुधारायला घेऊन गेले होते, आणि घरी कम्प्युटर नाही हे डबी बंद केल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या दिवसापासून तो संदेश काढायचा विषय मी काढला नाही.

सरांचं आणखी एक हरवणं कॉलेजात प्रसिद्ध होतं. त्यांची एम.एस्सी.ची पदवी. सेवापुस्तकाला मूळ पदवी जोडलेली नव्हती, त्यामुळे त्यांची बढतीची फाइल दर वर्षी वर जायची आणि दर वर्षी खाली यायची. उपप्राचार्यपदाला त्यांचं नाव पहिलं, पण कागद अपुरे म्हणून त्यांच्यानंतर लागलेले लोक त्या खुर्चीत बसून गेले. स्टाफरूममध्ये हा हक्काचा विनोद होता. "खंदारे सर, पदवी सापडली का?" "शोधायलोय." "अंगावर बघितली?" "बघितली." "घरात?" "घरातबी बघितली." "मग वहिनींना विचारा!" मग सगळे हसायचे, आणि सर सगळ्यांत मोठ्याने. विद्यापीठात अर्ज केला की दुसरी प्रत मिळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर तेवढा अर्ज करत नव्हते, म्हणून आळशी ठरले होते.

एकदा मीही ज्ञान पाजळलं. आम्ही दोघेच कम्प्युटरपाशी होतो. "सर, हरवली तर हरवली. एक अर्ज टाका, मी टाइप करून देतो," मी म्हणालो.

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "हरवली न्हाई हो जाधव. माझ्या सगळ्या चीजांत तेवढीच एक हाय, जी कुठं हाय ते मला पक्कं ठाऊक हाय."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगतानाही त्यांचा आवाज चष्म्याबद्दल बोलावं इतकाच होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, वाडीतली त्यांची वस्ती जाळली. सर परभणीला होते. आईवडील जिवानिशी निघाले. पत्र्याची पेटी मागे राहिली आणि पदवी त्या पेटीत होती. "वडलांनी ती भिताडाला लावायला काच आणली होती. काचबी गेली," ते म्हणाले. "कागद जाळला तो नावासाठी जाळला. आता मी अर्ज करून जुन्याच नावाचा कागद घेऊ? नवं नाव येऊ दे. मग घेतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर शोधायलोय म्हणून सांगीन की."

मी उठून पंखा लावला, आणि सगळे कागद उडाले. मला त्या वेळी दुसरं काही जमलं नाही. कागद गोळा करायला आम्ही दोघे टेबलाखाली गेलो आणि तिथेच विषय संपला. पण त्यानंतर स्टाफरूममध्ये तो विनोद निघाला की मला चहा गोड लागत नसे.

आणि स्टाफरूमबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे त्या वर्षांत विद्यापीठाला नावच नव्हतं. जुनं नाव उच्चारलं तर एका बाजूचे समजले जाल, मागितलेलं नवं नाव उच्चारलं तर दुसऱ्या. म्हणून सगळे शहाणे नुसतं 'विद्यापीठ' म्हणत. विद्यापीठाचं पत्र, विद्यापीठाची परीक्षा, विद्यापीठात जाऊन येतो. त्या शहाण्यांत मी पहिल्या रांगेत. माझे वडील तर गावी 'ते औरंगाबादचं' एवढंच म्हणायचे. सर हे सगळं बघत असत. "तुमी लोक नावाच्या जागी टिंब ठेवता," ते एकदा म्हणाले. "प्रोग्राम असता तर अडकला असता." मी हसून चहा प्यायलो.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नाव झालं. काही दिवस कॉलेज बंद होतं, बसगाड्या बंद होत्या, लोक घराघरांत बसून रेडिओ ऐकत होते. कॉलेज उघडलं तेव्हा फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. सर पांढरा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले, आणि त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. काहींनी पेढा घेतला, काहींनी गोड वर्ज्य असल्याचं त्याच दिवशी शोधून काढलं. मी घेतला, पण आजूबाजूला बघून घेतला.

सर थेट कम्प्युटरच्या खोलीत गेले. मोठ्या कप्प्यातली फाइल उघडली, विद्यापीठाच्या नावाची ओळ काढली आणि नवी ओळ घातली. एका बोटाने, एकेक अक्षर. पदवीच्या दुसऱ्या प्रतीचा अर्ज त्यांनी खिशात आणला होता. त्याला कॉलेजचं शिफारसपत्र लागायचं, आणि ते आमचा प्रोग्राम छापायचा. बातमी पसरली होती. पाठकबाबा, दोन-तीन प्राध्यापक, प्राचार्य, सगळे चपला काढून आत आले. सरांनी बटण दाबलं. प्रिंटर करकरला. कागद बाहेर आला.

कागदावर जुनं नाव होतं.

प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. पाठकबाबा भाबडेपणाने म्हणाले, "मशीनला मंजूर नाही दिसत." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण ते वाक्य खोलीत तसंच पडून राहिलं. सर कागद हातात धरून उभे होते. मला त्या क्षणी फार भीती वाटली. सोळा वर्षं थांबलेला माणूस आता रडेल, आणि आपण इथे मोज्यांत उभे आहोत, काय करायचं?

सरांनी कागद खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पडद्याकडे बघितलं आणि एकदम खदाखदा हसायला लागले.

"मशीन न्हाई हो पाठकबाबा! मी! म्याच अडवलंय मला!"

झालं होतं ते असं. ज्या माणसाने तीन चष्मे ठेवले, त्याने त्या फ्लॉपीच्या शनिवारनंतर फाइलच्या प्रतीही ठेवल्या होत्या. हरवली तर असू दे म्हणून, जिथे जिथे बसून काम केलं त्या प्रत्येक कप्प्यात एकेक. सरांनी पोस्टातली, म्हणजे मोठ्या कप्प्यातली, पाटी बदलली होती. पण ते बसले होते दाखल्यांच्या कप्प्यात, आणि तिथे जुनी प्रत पडलेली होती. प्रोग्रामने सरांचाच नियम पाळला होता. आधी पायाखाली बघितलं, जुनं नाव सापडलं, पुढे जायचं त्याला कारणच उरलं नाही.

"बघा जाधव," सर डोळे पुसत म्हणाले, आणि ते हसून आलेलं पाणी होतं की कशाचं ते मी विचारलं नाही, "सरकारनं बदललं, विद्यापीठानं बदललं. पर खंदारेच्या पायाखाली जुनंच!"

मग ते खुर्चीत बसले आणि एकेका कप्प्यात शिरून जुन्या प्रती पुसू लागले. दाखल्यांचा कप्पा, परीक्षेचा कप्पा, शिष्यवृत्तीचा कप्पा. आयुष्यभर काही न सापडलेल्या माणसाला त्या दिवशी सगळं सापडत होतं. एक प्रत तर वहिनींच्या नावाने केलेल्या कप्प्यात निघाली. तिथे बाकी फक्त किराण्याची यादी होती. "पुण्याचं वाक्य बरोबर होतं बरं का, जागा एकच असावी," ते मला म्हणाले. इतक्या वर्षांनी मी जिंकलो होतो आणि मला तो विजय अजिबात नको होता.

दुसरा कागद नव्या नावाने निघाला. सरांनी तो प्राचार्यांपुढे सहीला धरला. प्राचार्यांनी सही केली.

अर्ज गेला. पण एक शंका सगळ्यांना होती आणि सरांपुढे कोणी काढत नव्हतं. पदवी जुनी, परीक्षा जुन्या काळातली. दुसरी प्रत जुन्याच नावाने आली तर? मी ओळखीच्या माणसांना विचारलं, कोणालाच नक्की सांगता येईना. अर्जावर सरांनी पत्ता परभणीच्या घराचा दिला नव्हता. मुक्काम खडकवाडी, पोस्ट ताडकळस, असा दिला होता. मी म्हणालो, "सर, वाडीत तुमचं आता कोण आहे? पुन्हा बिरूतात्याच्या पटक्यात जायचं ते पत्र." ते म्हणाले, "जिथून गेली तिथंच येऊ दे." पुढे त्या वर्षभर ते बाजाराच्या दिवशी स्कूटर काढून ताडकळसला जात. बहुतेक वेळा रस्त्यातून परत यायचे, कारण पेट्रोल बघायचं विसरलेले असायचे.

पोस्टमास्तरचा निरोप आला तेव्हा त्यांनी मला मागे बसवून नेलं. बाजार भरला होता. मिरच्यांचा ठसका, शेळ्यांची बेंबें, बांगड्यांची पालं. पोस्टाच्या ओट्यावर सरांनी सही केली आणि लांबट, जाड पाकीट घेतलं. पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का होता, पण तो पुसटलेला होता. सरांनी पाकीट फोडलं, आतला कागद थोडा बाहेर ओढला, आणि थांबले.

"चष्मा न्हाई आणला," ते म्हणाले. "तुमी वाचा."

मी कागद घेतला. वर बघितलं. नाव होतं. मी मनात वाचलं आणि म्हणालो, "आलं, सर. नवंच आहे."

"न्हाई. वाचा. मोठ्यानं."

मी आजूबाजूला बघितलं. बाजारात आमच्या बाजूची, माझ्या वडिलांना ओळखणारी माणसं असणारच. मी घसा साफ केला आणि वाचलं. पहिल्या 'डॉक्टर'पासून शेवटच्या 'विद्यापीठ'पर्यंत, एकही शब्द न गाळता. आयुष्यात ते नाव मी पहिल्यांदाच तोंडातून काढत होतो आणि माझा आवाज नव्या मास्तरासारखा चिरका लागत होता. सर डोळे मिटून ऐकत होते.

"परत," ते म्हणाले.

मी परत वाचलं. या वेळी आवाज बरा लागला. ओट्याखालच्या मिरचीवालीने वर बघितलं आणि पुन्हा तराजू उचलला. सरांनी कागद माझ्याकडून घेतला, नीट पाकिटात घातला, आणि काच घ्यायला बाजारात उतरले. मी ओट्यावरून बघत होतो. गर्दीत ते एकदा मागे वळले, आणि त्यांच्या कपाळावर, मी वाचत होतो तेव्हाही जिथे होता तिथेच, चष्मा होता.